बाणांच्या भाषेचा जनक

चांदणी चौक मागे टाकून मुळशीच्या रस्त्याला लागले की भूगाव येते, पुढे पिरंगुट आणि मग पौड. भूगाव ते पिरंगुट आणि पिरंगुट ते पौड या दोन वाटा जोडल्या की भूगाव ते पौड ही तिसरी वाट मिळते. टप्पे तीन असले, तर आधी पहिले दोन जोडा वा शेवटचे दोन. मार्ग तोच राहतो. जागीच थांबणे हीदेखील एक वाटच मानायची. एवढे उमगले, की ‘कॅटेगरी थिअरी’चा पाया उमगला. वस्तूच्या पोटात काय दडले आहे हे न पाहता वस्तूंना जोडणारे बाण पाहायचे, ही या शास्त्राची दृष्टी. भूगावच्या नव्या वसाहतींत राहणाऱ्या संगणक अभियंत्याला ती परकी वाटू नये. एका फंक्शनचे उत्तर दुसऱ्याच्या हाती देणे, हे त्याचे रोजचेच काम आहे.

ही दृष्टी देणाऱ्या दोघांपैकी एक सॅम्युएल आयलेनबर्ग. जन्म ३० सप्टेंबर १९१३, वॉर्सा येथील ज्यू कुटुंबात. १९३६ मध्ये तेथेच त्यांनी डॉक्टरेट मिळवली. युरोपवर युद्धाचे सावट दाटत असताना, १९३९ मध्ये, वडिलांच्या आग्रहावरून त्यांनी अमेरिका गाठली. पोलंडवर हल्ला झाला तो त्याच वर्षी. मायदेशाला मुकलेल्या या तरुणाने सॉन्डर्स मॅक्लेन यांच्यासह १९४५ मध्ये नव्या शास्त्राचा पहिला सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. गणिताच्या एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेणारे मार्ग त्यात नेमकेपणाने मांडले होते. अनेकांना ते सारे पोकळ अमूर्त वाटले; थट्टाही झाली.

१९४७ पासून कोलंबिया विद्यापीठ हीच त्यांची कर्मभूमी ठरली. १९६५ मध्ये जॉन मूर यांच्यासह त्यांनी ‘मोनॅड’ या रचनेचा पाया पक्का केला. १९७४ व १९७६ मध्ये स्वयंचलित यंत्रे आणि भाषा यांवरील त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ आला. पुढे युजेनिओ मोज्जी यांनी १९८९ मध्ये मोनॅडच्या आधारे संगणकीय प्रक्रियांचे विवेचन केले आणि ‘हास्केल’ भाषेच्या द्वारे ती कल्पना प्रोग्रॅमरांच्या हाती आली.

महाराष्ट्राशीही त्यांचा ऋणानुबंध होता. १९५०च्या दशकात ते मुंबईस आले आणि भारतीय शिल्पांच्या प्रेमात पडले. लहान आकाराच्या कांस्यमूर्ती पारखण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच. गणितज्ञांत ते ‘सॅमी’, तर कलाव्यवहारात ‘प्रोफेसर’ म्हणून ओळखले जात. चारशेहून अधिक कलाकृती त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिल्या. त्यातूनच कोलंबियात गणिताच्या अभ्यागत अध्यासनासाठी निधी उभा राहिला. मूर्तीपासून गणितापर्यंत जाणारा हाही एक बाणच!

१९८६ मध्ये त्यांना वुल्फ पारितोषिक मिळाले. ३० जानेवारी १९९८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या विचाराला निरुपयोगी म्हणून हिणवले गेले, त्याच विचाराच्या आधारे आज प्रोग्रॅम अचूक लिहिण्याचा प्रयत्न होतो. गणिताची भीती बाळगणाऱ्याने म्हणूनच सूत्रांपासून नव्हे, वाटांपासून आरंभ करावा. मुळशीचा रस्ता त्यासाठी पुरेसा आहे.