रंगांनी दगा दिलेला चित्रकार

गेल्या काजूच्या हंगामात आमच्या डिचोलीतील एका बचतगटासाठी मी जाहिरातीचे पत्रक तयार केले. सात रंग, बारा आकडे आणि तीन तक्ते! पेडण्याच्या बाजारात ते वाटले. लोकांनी घेतले, आणि तासाभरात त्याच कागदात चणे बांधलेले मला दिसले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची ही फजिती झाल्यावर ज्यांचे चरित्र मी पुन्हा वाचायला घेतले, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुलूख कानडी, घर मराठी. तेव्हा आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांना ते आपलेच वाटावेत. लहानपणापासून ओढ चित्रकलेची. १८८५ च्या सुमारास ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण दोनच वर्षांत उमगले की काही रंग आपल्या डोळ्यांना ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? दुसरा एखादा घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडला, रेघ सोडली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत तोच विषय शिकवू लागले. अशा चित्रात शोभेला जागा नसते. कोणता भाग कोठे बसतो आणि काय काम करतो, एवढे पाहणाऱ्याला कळले की चित्र पुरे झाले.

पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगावात बंधू रामुअण्णांबरोबर सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले. मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज! नांगर खपायला दोन वर्षे वाट पाहावी लागली. असले समज भाषणांनी जात नाहीत. नांगराचे तास शेतात दिसावे लागते.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. तेही चित्रकार, हा योग विलक्षणच! १९१० साली निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणे हा मूळ हेतू. संपादक त्यांचे पुतणे शंकरराव, तेही चित्रकार. हळूहळू त्यात मालापेक्षा वाचकाच्या उपयोगाचा मजकूर वाढला आणि ‘किर्लोस्कर’ मासिक मराठी घराघरांत पोहोचले. ज्याला आज माहितीपर विपणन म्हणतात, ते वाडीच्या माळावर शंभर वर्षांपूर्वी चालू होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली, जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

माझे पत्रक का फसले, ते आता कळते. मला काय येते हे मी दाखवत होतो. गिऱ्हाइकाला काय हवे ते नव्हे. यंदाच्या पत्रकावर एकच रंग आहे, काळा. झाडावरच्या बोंडापासून सोललेल्या गरापर्यंतची चार रेखाचित्रे आणि खाली एकच आकडा, किलोचा भाव. चणे त्यातही बांधले जातील कदाचित. पण निदान वाचून झाल्यावर!