रक्तसाक्षी जस्टिन

शोमरोन प्रांतात प्राचीन शखेमाजवळील नियापलि नगरात इ. स. १०० च्या सुमारास जस्टिनाचा जन्म झाला. तो यहूदी नव्हता. सत्याच्या शोधार्थ तो एकामागून एक तत्त्वज्ञान्यांकडे गेला. त्यांतील एकाने तर थोड्याच दिवसांत शिकविण्याबद्दल द्रव्य मागितले. शेवटी समुद्रतीरी भेटलेल्या एका वृद्धाने त्याचे लक्ष इब्री संदेष्ट्यांच्या लेखांकडे वळविले, आणि तो ख्रिस्ती झाला. तत्त्वज्ञान्याचा झगा मात्र त्याने टाकिला नाही. तोच पांघरून तो सुवार्ता सांगे.

इ. स. १३२ साली यहूदियात रोमी सत्तेविरुद्ध युद्ध पेटले. त्यामुळे देशांतर केलेल्या ट्रायफो नामक विद्वान यहूद्याशी त्याचा जो वाद झाला, तो त्याने पुढे ग्रंथरूपाने लिहिला. ट्रायफो वैभवी मशीहाची वाट पाहत होता. टांगलेला मनुष्य शापित असे नियमशास्त्र म्हणते. तर वधस्तंभी खिळलेला मशीहा कसा, हा त्याचा प्रश्न. जस्टिनाने यशया व दानीएल यांच्या आधारे दाखविले की, मशीहाची आगमने दोन आहेत. पहिले दुःखाचे, दुसरे गौरवाचे. ट्रायफोची खात्री पटली नाही. तरी परस्परांचे कल्याण चिंतूनच ते निरोप घेतात.

इ. स. १६५ च्या सुमारास रोम शहरी देवतांना यज्ञ करण्याचे नाकारिल्यावरून रुस्तिक नामक अधिकाऱ्याने त्यास सहा सोबत्यांसह देहान्त शिक्षा दिली.

बंधूंनो, प्रतिपक्ष्याचा कठीण प्रश्न जस्टिनाने टाळिला नाही, आणि त्याचा द्वेषही केला नाही. गावोगावी साक्ष देणाऱ्यांनी हा कित्ता गिरवावा.