विश्लेषण : झोपेसाठी घेतलेली ब्रँडी व्यसन कशी बनली? मीनाकुमारी यांचे आयुष्य आणि मेंदूतील ‘ब्रेक’

पहाटेची लोकल गाठायची, म्हणून रात्री वेळेवर झोप हवी. ती लागत नाही, म्हणून कधी झोपेची अर्धी गोळी, कधी एखादा पेग. डोंबिवलीहून रोज मुंबई गाठणाऱ्यांना हा मोह अनोळखी नाही. झोपेपुरती घेतली तर काय बिघडते, असा समज त्यामागे असतो. याच मध्य रेल्वेवरच्या दादरमध्ये जन्मलेल्या अभिनेत्री मीनाकुमारी यांच्या आयुष्यात हा समज जिवावर बेतला. त्यांच्या बाबतीत नेमके काय झाले आणि मेंदूत असे काय घडते, ते समजून घेऊ.

मीनाकुमारी यांची सुरुवात कशी झाली?

१ ऑगस्ट १९३३ रोजी जन्मलेल्या मीनाकुमारी यांचे मूळ नाव महजबीन बानो. घरची परिस्थिती बेताची. सहा-सात वर्षांच्या वयातच त्या विजय भट्ट यांच्या चित्रपटात बालकलाकार म्हणून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांची कमाई घराचा आधार बनली. मे १९५१ मध्ये महाबळेश्वरहून परतताना त्यांच्या मोटारीला अपघात झाला. डाव्या हाताला गंभीर दुखापत झाली आणि त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात दाखल करावे लागले. करंगळीला आलेला दोष त्या पुढे पडद्यावर पदराआड किंवा ओढणीआड लपवत राहिल्या. फेब्रुवारी १९५२ मध्ये दिग्दर्शक कमाल अमरोही यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी आलेल्या ‘बैजू बावरा’ने त्यांना आघाडीची नायिका बनवले.

ब्रँडी आयुष्यात कशी आली?

१९६२ मध्ये ‘साहिब बीबी और गुलाम’ प्रदर्शित झाला. पतीला घरी थोपवण्यासाठी मद्याला जवळ करणारी आणि त्यातच बुडत जाणारी छोटी बहू त्यांनी साकारली. पुढच्या वर्षी फिल्मफेअरच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री पुरस्काराची तिन्ही नामांकने एकट्या मीनाकुमारी यांची होती आणि पुरस्कार छोटी बहूला मिळाला.

यशाच्या या शिखरावर त्यांना झोप मात्र लागत नव्हती. निद्रानाश जुनाट झाला होता, झोपेच्या गोळ्या सुरू होत्या. त्यांच्या चरित्रांत नोंदवलेल्या हकिकतीनुसार १९६३ च्या सुमारास डॉक्टरांनी झोपेसाठी ब्रँडीचा लहानसा पेग सुचवला. म्हणजे ब्रँडी आली ती औषध म्हणून. १९६४ मध्ये त्या पतीपासून वेगळ्या झाल्या आणि पेगचे प्रमाण वाढत गेले.

मेंदूतील ‘ब्रेक’ कसा चालतो?

मेंदूतील चेतापेशी सतत एकमेकींना संदेश देत असतात. त्यांना शांत करण्याचे मुख्य काम ‘गाबा’ हे रसायन करते. मेंदूत ते असल्याचा शोध १९५० मध्ये लागला. पेशीवर ‘गाबा-ए’ नावाचे रिसेप्टर असतात. त्यांना दरवाजा समजा. गाबा त्यावर बसले की दरवाजा उघडतो, ऋणभारित क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी थंडावते. मेंदूचा हा ब्रेक.

त्या काळी सर्रास दिल्या जाणाऱ्या बार्बिट्युरेट गटातील गोळ्या हा दरवाजा जास्त वेळ उघडा ठेवतात. मात्रा वाढली तर गाबा नसतानाही उघडतात. १९६० पासून बाजारात आलेली बेंझोडायझेपिन औषधे दरवाजा जास्त वेळा उघडायला लावतात, पण त्यासाठी गाबा लागतेच. म्हणून ती एकटी घेतल्यास तुलनेने सुरक्षित ठरली. दारूही हाच ब्रेक दाबते. शिवाय मेंदूला जागे ठेवणाऱ्या ग्लुटामेटचे काम रोखते.

मग एका पेगवर का थांबता येत नाही?

ब्रेक रोज बाहेरून दाबला गेला, की मेंदू जुळवून घेतो. रिसेप्टर पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत आणि ग्लुटामेटची बाजू जोर धरते. तेवढ्याच पेगने झोप येईनाशी होते, म्हणून प्रमाण वाढते. एखाद्या रात्री पेग चुकला तर ब्रेक सैल आणि ॲक्सिलरेटर दाबलेला अशी अवस्था होते. घबराट, थरथर, जागरण, गंभीर प्रकरणांत झटकेही येतात. माणसाला वाटते मूळचा निद्रानाशच परतला आणि तो पुन्हा ग्लास भरतो.

दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती वारंवार मोडते. म्हणजे ज्या कारणासाठी घेतली, तेच बिघडते. शिवाय या रिसेप्टरमुळे ओढही निर्माण होते. आनंदाशी निगडित डोपामाइन सोडणाऱ्या पेशींवरही काही ‘पहारेकरी’ पेशी असतात. बेंझोडायझेपिन औषधे या पहारेकऱ्यांनाच गप्प करतात आणि डोपामाइन वाढते, असे २०१० मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसले.

गोळी आणि दारू एकत्र का घातक?

दोन्ही एकाच ब्रेकवर पाय ठेवतात. एकत्र घेतल्यास श्वसन चालवणारे मेंदूतील केंद्रही मंदावू शकते. ‘साहिब बीबी और गुलाम’चे निर्माते गुरुदत्त यांचा १० ऑक्टोबर १९६४ रोजी पेडर रोडवरील घरी मृत्यू झाला, तेव्हा मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांचा एकत्रित परिणाम हेच कारण सांगितले गेले. ते अवघ्या ३९ वर्षांचे होते.

मीनाकुमारी यांची अखेर कशी झाली?

१९६८ मध्ये त्यांना यकृताचा सिरॉसिस असल्याचे निदान झाले. उपचारांसाठी त्या लंडन आणि स्वित्झर्लंडला गेल्या. परतल्यावर पुन्हा काम सुरू केले. रखडलेला ‘पाकिजा’ही पूर्ण केला, मात्र नृत्याच्या काही दृश्यांसाठी पद्मा खन्ना यांना उभे करावे लागले. फेब्रुवारी १९७२ च्या आरंभी मराठा मंदिरात चित्रपटाचा प्रीमियर झाला. ३१ मार्च १९७२ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, मुंबईतील शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. मेंदूत बेंझोडायझेपिन औषधे नेमकी कुठे चिकटतात, हे १९७७ मध्ये, म्हणजे त्यांच्यानंतर पाच वर्षांनी उमगले.

आज काय लक्षात ठेवावे?

तेव्हा नसलेले ज्ञान आज हाताशी आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि औषध दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते. शेजाऱ्याची किंवा जुन्या चिठ्ठीवरची गोळी घेऊ नये. गोळीसोबत दारू कधीही नको. मात्र रोजची गोळी किंवा दारू एकदम बंद करणेही धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडावी लागते. जुनाट निद्रानाशासाठी गोळीआधी झोपेच्या सवयी आणि विचारांवर काम करणारी उपचारपद्धती सुचवली जाते. मनमोकळे बोलायचे असेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.