तारांचा हिशेबनीस

जगातल्या सर्वांत नामांकित इलेक्ट्रिक गिटारी ज्याच्या आडनावाने ओळखल्या जातात, त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. ती सुरात लावणेही त्याला जमत नसे. लहानपणी थोडा पियानो आणि पुढे सॅक्सोफोन, एवढीच त्याची वाद्यांशी ओळख. शिक्षण म्हणाल तर जमाखर्चाचे. मी स्वतः आयुष्यभर बँकेत लेजरांवर मान मोडून काम केले आहे, त्यामुळे या हिशेबनिसाबद्दल मला पहिल्यापासून जवळीक वाटत आली आहे.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम आणि फुलरटन या गावांच्या दरम्यानचा. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आपल्याकडे संत्री म्हटली की नागपूर आठवते, तसा अमेरिकेतला हा मुलूख त्या फळावरून ऑरेंज काउंटी म्हणूनच ओळखला जातो. आठ वर्षांचा असताना गाठीच्या आजारात लिओचा डावा डोळा गेला आणि तिथे काचेचा डोळा बसवावा लागला. मोटारींच्या विजेची कामे करणारा त्याचा एक मामा होता. मामाच्या दुकानात सुट्या भागांतून जुळवलेला रेडिओ त्याने पाहिला आणि पोराला वेड लागले. तरीही कॉलेजात विषय घेतला तो हिशेबाचाच. रेडिओ हा छंद आणि जमाखर्च ही भाकरी, असा सरळ विचार त्यामागे असावा.

भाकरीनेच दगा दिला. बर्फाच्या कारखान्यात आणि सरकारी रस्तेखात्यात त्याने हिशेब लिहिले, पण १९२९ नंतरच्या महामंदीत एकामागून एक नोकऱ्या गेल्या. शेवटी १९३८ साली ६०० डॉलर कर्ज काढून त्याने फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

बँकवाल्याची नजर या आकड्यावर अडखळतेच. अर्जावर हे प्रकरण कसे दिसले असते? वय एकोणतीस, नोकरी नाही, एक डोळा अधू, धंद्याचा अनुभव म्हणजे फावल्या वेळातला छंद, आणि तेही मंदीच्या दिवसांत. जमेच्या बाजूला एकच नोंद भक्कम होती. बायको एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरीला होती. पुढची कित्येक वर्षे तिच्या पगाराने घर तर चालवलेच, अडीअडचणीला धंदाही तगवला. थोरांच्या चरित्रांत अशा पगाराला एखादे वाक्य मिळते. ताळेबंदात मात्र तो भांडवलाखाली दाखवायला हवा.

दुकानात रेडिओबरोबर वादकांचे ॲम्प्लिफायरही दुरुस्तीला येऊ लागले. त्या काळी तिकडे हवाईयन गिटारची चलती होती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी पट्टी सरकवत वाजवायची ही गिटार आपल्या पिढीनेही रेडिओवर भरपूर ऐकली आहे. डॉक कॉफमन या वादक मित्राबरोबर लिओने १९४५ मध्ये अशा विजेच्या गिटारी बनवायला सुरुवात केली. वर्षभरात कॉफमन बाजूला झाला. कर्जाच्या बोज्याची त्याला धास्ती वाटत होती. लिओ एकटा पुढे गेला.

आता थोडे यंत्राविषयी. विजेच्या गिटारीचा प्राण तारांखाली असतो. त्याला पिकअप म्हणतात. सहा तारांखाली सहा छोटे लोहचुंबक, आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले हेच तत्त्व. ही क्षीण वीज ॲम्प्लिफायरने वाढवली की स्पीकरमधून सूर येतो. चुंबक कोणता, वेढे किती, तार किती ताणून गुंडाळली, यावर त्या सुराचा पोत ठरतो.

जुन्या पोकळ गिटारींना पिकअप लावले की आवाज वाढवताच त्या घुमू आणि शिट्ट्या मारू लागत. लिओने पोकळपणाच काढून टाकला. लाकडाची सपाट, भरीव फळी घेतली आणि मान गोंदाने न चिकटवता चार स्क्रूंनी जोडली. मोडली तर सोडवायची, नवी बसवायची. पारंपरिक कारागिरांनी नाके मुरडली. पण हा माणूस दुरुस्तीच्या दुकानातून आला होता. वस्तू बिघडणारच हे गृहीत धरून त्याने ती घडवली होती. १९५० साली ही गिटार ब्रॉडकास्टर नावाने आली. ग्रेच कंपनीचे ड्रम जवळपास त्याच नावाचे असल्याने तिने हरकत घेतली, तेव्हा लिओने नवी पट्टी छापून येईपर्यंत जुन्या पट्टीवरचे नाव कातरून टाकले आणि माल पाठवणे चालू ठेवले. १९५१ पासून ती टेलिकास्टर झाली. किंमत १८९ डॉलर ५० सेंट. त्याच वर्षी त्याने प्रिसिजन बास आणली आणि १९५४ मध्ये तीन पिकअपची स्ट्रॅटोकास्टर.

स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे त्याला दुसऱ्याचे ऐकावे लागे. नमुना तयार झाला की तो नाचगाण्यांच्या क्लबांतल्या वादकांच्या हाती द्यायचा, तक्रारी ऐकायच्या, सुधारायचा, पुन्हा द्यायचा. कारखान्यात पिकअप गुंडाळणाऱ्या स्त्रियांचा हातही या आवाजात आहे. १९५६ साली रुजू झालेल्या अबिगेल इबारा त्यांतल्याच एक. यंत्र फिरे, पण तार सोडायची ती बोटांनी. त्यामुळे कोणतेही दोन पिकअप तंतोतंत सारखे नसत, आणि अबिगेलबाईंच्या हातचे पिकअप पुढे वादक शोधत फिरू लागले.

हे सारे मला कळले ते बहिणीच्या नातवामुळे. त्याने साठवलेल्या पैशांतून स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची एक स्वस्त गिटार घेतली होती आणि वर्षभराने तिचे पिकअप बदलायचे मनात घेतले होते. नव्या पिकअपची किंमत गिटारीच्या निम्म्याहून अधिक. त्याच्या वडिलांचे म्हणणे, एवढे घालायचे तर थोडी भर टाकून नवीच घे. घरात दोन दिवस यावर खल चालला. मुलाचा मुद्दा मला पटला. त्या मानेवर त्याची बोटे बसली होती. तिचे लाकूड चांगले, पडदे नीट. कमी होती ती आवाजात. स्वस्त गिटारींत बरेचदा पोलादी खिळ्यांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते; तिचा आवाज अनेकांना कर्कश वाटतो. त्याने बसवले ते जुन्या पद्धतीचे, ॲलनिको चुंबकांचे. दुरुस्तीवाल्याने तारा सैल केल्या, प्लॅस्टिकची तबकडी उघडली, प्रत्येक पिकअपच्या दोन तारा डाखाने सोडवल्या, नव्या जोडल्या. एका दुपारचे काम. नंतर त्याने वाजवले तेव्हा मला एवढेच कळले की हळू छेडलेला आणि जोरात छेडलेला स्वर आता वेगवेगळा ऐकू येत होता.

असे सुटे पिकअप विकणारे धंदे १९७० च्या दशकात उभे राहिले. अमेरिकेत लॅरी डिमार्झिओ आणि सेमोर डंकन यांची नावे त्यात पुढे आली. त्या साऱ्यांच्या मुळाशी लिओचा स्क्रू-ड्रायव्हर आहे. उघडताच न येणाऱ्या वस्तूला कोण सुधारणार?

पन्नाशी उलटता उलटता लिओची तब्येत ढासळली. सायनसचा जंतुसंसर्ग काही केल्या हटेना. आपले दिवस भरत आले, असे धरून त्याने जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला विकली. १ कोटी ३० लाख डॉलरना. पुढे डॉक्टर बदलला आणि दुखणे बरे झाले! आयुष्य परत मिळाले, पण नाव विकून झाले होते. दहा वर्षे स्पर्धा न करण्याचे बंधन होते ते वेगळेच. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात जिमी हेंड्रिक्सच्या हातात स्ट्रॅटोकास्टर होती. तेव्हा त्या नावावर लिओचा हक्क उरला नव्हता.

एवढ्या पैशात कोणीही स्वस्थ बसला असता. लिओ पुन्हा कामाच्या टेबलाशी गेला. आधी म्युझिक मॅन, मग जुना सहकारी जॉर्ज फुलरटन याच्यासह १९८० च्या सुमारास जी अँड एल, म्हणजे जॉर्ज आणि लिओ. एस्थर १९७९ मध्ये गेली होती. पुढे कंपवाताने हात थरथरू लागले, तरी चुंबक आणि वेढ्यांचे नवे मेळ घालून पाहणे थांबले नाही. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला. आदल्या दिवशीही कामावर होता.

ज्या गिटारींना जग परिपूर्ण म्हणत होते, त्यांत अजून दुरुस्ती शिल्लक आहे असे त्यांच्या जनकाला वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षीही वाटत होते. हिशेब लिहिणाऱ्याची ही सवयच असते. वर्ष संपते, खाती बंद होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरंभीची शिल्लक लिहून नवे पान सुरू करावे लागते.