ऑब्री विल्यम्स : ऊसमळ्यांच्या देशाचा चित्रकार

आपल्या मॉरिशसप्रमाणेच दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानातही गुलामगिरी संपल्यावर हिंदुस्थानी शर्तबंद मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्या गयानात, जॉर्जटाउनला, १९२६ साली ऑब्री विल्यम्स जन्मले. सरकारी शेती अधिकारी असताना ऊस पिकवणाऱ्यांची बाजू घेतल्याने मळेवाल्यांशी त्यांचे खटके उडाले. पुढे बदली झाली ती दूर रानात, वराऊ आदिवासींमध्ये. शिक्षाच वाटावी अशी. पण चित्रकार घडला तो तिथेच.

१९५२ साली ते लंडनला गेले, तरी रंगवत राहिले आपलाच देश. १९६० च्या ‘रिव्होल्ट’ चित्राचा विषय बर्बिसमधले १७६३ चे गुलामांचे बंड. (आपल्या पूर्वजांच्या पायांत बेड्या नव्हत्या, करार होता, मळा मात्र तसाच.) १९७० साली गयानातल्या तिमेहरी विमानतळाच्या भिंतींवर त्यांनी आदिवासींच्या खडकचित्रांतल्या खुणा रंगवल्या. १९९० साली ते लंडनलाच वारले.