पंपाचा दांडा काढायला लावणारे डॉक्टर

आषाढी वारीत पंढरपूरच्या वाटेवर विहिरींचे, टँकरचे पाणी क्लोरीन टाकून तपासले जाते. या दक्षतेची वाट डॉ. जॉन स्नो यांनी दाखवली.

१८१३ मध्ये यॉर्कमध्ये मजुराच्या घरी जन्मलेले स्नो लंडनमध्ये नामवंत भूलतज्ज्ञ झाले. कॉलरा घाणेरड्या हवेने होतो, असा तेव्हा समज होता. १८५४ च्या साथीत स्नो यांनी मृतांच्या घरी जाऊन ते पाणी कुठून भरत, हे विचारले. बोट ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाकडे वळले. त्यांच्या सांगण्यावरून स्थानिक मंडळाने पंपाचा दांडा काढला. पण तोवर शेकडो माणसे दगावली होती. १८५८ मध्ये, ४५ व्या वर्षी, स्नो वारले.

आज महाराष्ट्रात पाण्यापासून तीव्र धोका असलेल्या ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळते. दांडा साथीआधीच काढायचा, एवढाच त्याचा अर्थ.