चौ एन-लाय : शत्रूशी संवादाचा शिल्पकार

चीनचे पहिले पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या कारकिर्दीत, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, चीन अण्वस्त्रधारी झाला. तेव्हा तो संयुक्त राष्ट्रांबाहेर होता, अमेरिकेचा कट्टर शत्रू होता. १९५५ पासून राजदूतांच्या शंभराहून अधिक बैठकांतून फारसे काही निष्पन्न झाले नाही. १९६९ मध्ये सोव्हिएत सीमेवर रक्त सांडले, आणि चौ यांनी दार किलकिले केले. जुलै १९७१ मध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गे गुप्तपणे आले. फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन. शांघाय निवेदनात मतभेद झाकू नयेत, हा चौ यांचा आग्रह. अण्वस्त्रत्यागाची अट तर घातलीच गेली नाही. अर्थात, १९६० च्या दिल्लीभेटीत हेच कसब सीमाप्रश्नी निष्फळ ठरले होते. कर्करोगाने ते ८ जानेवारी १९७६ रोजी निवर्तले. उभय देशांचे दूतावास १९७९ मध्ये उघडले.